जंतूंची साखर आणि आपल्या घरातल्या लशी



नातीला लसीकरण केंद्रात दिलेली न्यूमोनियाची लस आणि आजोबांना डॉक्टरांनी सुचवलेली न्यूमोनियाची लस एकच असते का? टायफॉइडची लस पूर्वीही मिळत होती, मग बालरोगतज्ज्ञ आता ‘नवी लस’ घ्या असे का सांगतात? आणि इतक्या लहान बाळाला एकदम एवढ्या सुया कशाला, दोन वर्षांचे होऊ दे मग बघू, असे घरातली मोठी माणसे म्हणतात, त्यात काही तथ्य आहे का? आपल्या सभासदांच्या बऱ्याच घरांत आजी-आजोबा आणि नातवंडे एकत्र किंवा जवळपास राहतात, त्यामुळे हे प्रश्न सगळ्यांच्याच कानावरून गेलेले असतात. गंमत म्हणजे तिन्हींची उत्तरे एकाच पदार्थाभोवती फिरतात. तो पदार्थ म्हणजे साखर. अर्थात चहातली नव्हे. रोगजंतू स्वतःच्या अंगावर चढवण्यासाठी जी साखर तयार करतात, ती.

रसायनशास्त्रात साखर हे एका मोठ्या कुटुंबाचे आडनाव आहे. ग्लुकोज, फळांतले फ्रुक्टोज, दुधातले लॅक्टोज ही त्यातली ओळखीची मंडळी. साखरेचे असे मणी एकमेकांना जोडले की लांब साखळी तयार होते, तिला बहुशर्करा म्हणतात. भातातला स्टार्च ही ग्लुकोजची साखळी आणि आजोबांच्या धोतरातला कापूस हीसुद्धा ग्लुकोजचीच साखळी. मणी तेच, फक्त ते कोणत्या बाजूने जोडले यात फरक. तेवढ्या फरकाने भात पचतो आणि कापूस पचत नाही. प्रथिनांचे मणी एका ओळीत, एकाच पद्धतीने जोडले जातात. साखरेच्या मण्याला मात्र अनेक बाजूंनी जोड देता येतो, साखळीला फांद्याही फुटतात. त्यामुळे मोजक्या मण्यांतून कितीतरी वेगवेगळ्या नक्षी निघतात. जीवाणूंनी या सोयीचा पुरेपूर फायदा उठवला आहे.

सर्वांत घरगुती उदाहरण दातांचे. आपली नेहमीची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा तोंडातला जंतू ही जोडी फोडतो, ग्लुकोजचे मणी जोडून एक चिकट साखळी विणतो आणि तिच्या आधाराने दाताला घट्ट धरून बसतो. बाकीची साखर तो खातो आणि आम्ल सोडतो. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दातावरचे एनॅमल विरघळू लागते. रात्री पेढा खाऊन चूळ न भरता झोपणे म्हणजे या जंतूला डिंक आणि आम्ल या दोन्हींसाठी कच्चा माल पुरवणे.

दाताची कीड तशी डॉक्टरांच्या खुर्चीत निस्तरता येते. जे जंतू जीव घेतात त्यांच्याकडे साखरेचा याहून हुशार उपयोग असतो.

न्यूमोकॉकसचा अंगरखा

न्यूमोनिया अनेक जंतूंमुळे होतो, पण त्यातला सर्वांत कुप्रसिद्ध म्हणजे न्यूमोकॉकस. निरोगी मुलांच्या नाकाघशात तो अनेकदा गुपचूप राहत असतो. तिथून फुप्फुसात उतरला की न्यूमोनिया, कानात गेला की कानाचा संसर्ग, रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला की मेंदूज्वर.

या जंतूच्या अंगावर बहुशर्करेचे जाड आवरण असते. ते विणण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. आधी पेशीच्या आत साखरेच्या प्रत्येक मण्याला यूडीपीसारख्या रेणूची मूठ लावली जाते. मूठ लावलेला मणी म्हणजे ताण दिलेली स्प्रिंग. तो पुढच्या मण्याला सहज जोडता येतो. मग पेशीच्या पडद्यात रुतलेल्या एका तेलकट रेणूवर चार-पाच मण्यांचा एक छोटा तुकडा जुळवला जातो. हा तुकडा पडद्यातून उलटा होऊन बाहेर येतो, बाहेर असे तुकडे एकापुढे एक जोडले जातात आणि तयार साखळी जंतूच्या भिंतीला टाकली जाते. बहुतेक प्रकारांत हीच रीत चालते. तिसऱ्या क्रमांकाच्या प्रकाराची रीत मात्र साधी: एकच एन्झाइम ग्लुकोज आणि ग्लुकुरोनिक आम्ल आळीपाळीने जोडत साखळी बाहेर ढकलत राहते. म्हणूनच त्याचे आवरण इतके जाड की प्रयोगशाळेतल्या थाळीवर त्याच्या वसाहती ओल्या, चमकदार थेंबांसारख्या दिसतात.

एवढा खटाटोप कशासाठी? आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळून मारतात, पण गिळण्याआधी त्यांना तो पकडता यावा लागतो. पकडायच्या मुठी म्हणजे जंतूच्या भिंतीवर जाऊन चिकटलेली आपलीच काही प्रथिने. साखरेचे जाड आवरण असले की या मुठी गादीखाली दबून जातात. पांढरी पेशी येते, चाचपडते आणि हात निसटतो. नाकात असताना मात्र जंतूला तिथल्या अस्तराला चिकटून राहायचे असते, तेव्हा तो हेच आवरण पातळ ठेवतो. रक्तात शिरल्यावर जाड आवरणाचे जंतू टिकतात. ज्या न्यूमोकॉकसला आवरण करताच येत नाही, तो रक्तात सहसा तग धरत नाही.

आवरणासाठी आणि पोटासाठी लागणारी साखर हा जंतू बऱ्याच अंशी आपल्याकडूनच मिळवतो. आपल्या श्वासमार्गाच्या शेंबडात प्रथिनांना लटकलेल्या साखरेच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला सायलिक आम्ल नावाचा मणी असतो. न्यूमोकॉकसकडे तो मणी कापणारी कात्री आहे. तो कापून खातो आणि खालची साखरही उघडी पाडतो. फ्लूच्या विषाणूकडेही अशीच कात्री असते. म्हणजे फ्लू होऊन गेला की न्यूमोकॉकससाठी ताट वाढूनच ठेवलेले असते. फ्लू बरा होत आला असे वाटत असतानाच वयस्कर माणसाला अचानक न्यूमोनिया गाठतो, त्याचे हे एक कारण. १९१८ च्या साथीत जे मृत्यू झाले, त्यांतल्या बहुतेकांच्या फुप्फुसांत असा जीवाणूंचा न्यूमोनिया होता.

उंदीर, साखर आणि डीएनए

या आवरणाच्या अभ्यासातून विज्ञानाला अनपेक्षित घबाड मिळाले, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२८ साली लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी उंदरांना एकाच वेळी दोन गोष्टी टोचल्या: आवरण नसलेले जिवंत, निरुपद्रवी न्यूमोकॉकस आणि आवरण असलेले पण उष्णतेने मारलेले न्यूमोकॉकस. वेगवेगळे टोचले तर उंदीर जगत. एकत्र टोचल्यावर मेले, आणि त्यांच्या रक्तात आवरण असलेले जिवंत जंतू सापडले. मेलेल्यांकडून जिवंतांना अंगरखा विणण्याची विद्या मिळाली होती! ही विद्या कोणत्या पदार्थात असते, हे शोधायला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या ओसवाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लिऑड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांना १९४४ साल उजाडले. तो पदार्थ डीएनए निघाला. आनुवंशिकतेचा रेणू कोणता, या प्रश्नाचे पहिले भक्कम उत्तर एका जंतूच्या साखरेच्या अंगरख्यामुळे मिळाले. एव्हरींना नोबेल मिळाले नाही, ही नोबेल समितीच्या नावावरची मोठी चूक आहे असे अनेकजण मानतात, आणि मलाही तसेच वाटते.

त्याच संस्थेत त्याआधी, १९२३ मध्ये, मायकेल हायडलबर्गर आणि एव्हरी यांनी दाखवले होते की न्यूमोकॉकसचा प्रत्येक प्रकार ज्या पदार्थावरून ओळखला जातो तो बहुशर्करा आहे. तेव्हा समजूत अशी होती की शरीर प्रतिपिंडे तयार करते ती फक्त प्रथिनांविरुद्ध. साखरेविरुद्धही ती होतात हे पचायला लोकांना वेळ लागला. पण एकदा ते पटल्यावर पुढची पायरी सरळ होती. अंगरखाच जर जंतूचे संरक्षण असेल, तर तोच शुद्ध करून टोचावा. शरीर त्याला चिकटणारी प्रतिपिंडे करील आणि पांढऱ्या पेशींना गादीच्या वरच मुठी मिळतील.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत साउथ डकोटातल्या हवाई दलाच्या तळावर सुमारे १७ हजार सैनिकांवर हा प्रयोग झाला. अर्ध्यांना चार प्रकारच्या आवरणांची लस दिली. लस घेतलेल्यांत त्या चार प्रकारांचा न्यूमोनिया जवळपास थांबला. पण तेवढ्यात पेनिसिलिन आले, औषध असताना लस कशाला असे डॉक्टरांना वाटू लागले आणि बाजारात आलेली लस पडून राहिली. रॉबर्ट ऑस्ट्रियन या डॉक्टरांनी मात्र चिकाटी सोडली नाही. पेनिसिलिन दिल्यावरही गंभीर रुग्ण पहिल्या काही दिवसांत दगावतात, हे त्यांनी आकड्यांनी दाखवून दिले. त्यांच्या प्रयत्नांतून १९७७ साली १४ प्रकारांची आणि १९८३ साली २३ प्रकारांची लस आली. ही २३ प्रकारांची लस आजही आजोबांना दिली जाते. तिच्यात शुद्ध साखर असते, दुसरे प्रथिन वगैरे काही नाही.

बाळांना साखर का दिसत नाही

इथे मोठी अडचण निघाली. ही साखरेची लस दोन वर्षांखालच्या बाळांना जवळजवळ लागूच पडत नाही. फिनलंडमध्ये १९७० च्या दशकात हिब या मेंदूज्वराच्या जंतूविरुद्धची शुद्ध साखरेची लस मोठ्या प्रमाणावर तपासली गेली. दीड वर्षावरच्या मुलांना तिचा फायदा झाला, त्याखालच्यांना झाला नाही. आणि हिबचा मेंदूज्वर तर सर्वांत जास्त होतो तो पहिल्या दीड-दोन वर्षांतच. ज्यांना गरज त्यांनाच लस चालेना.

कारण असे. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना बी पेशी म्हणतात. एखादी बी पेशी साखर ओळखू शकते, पण पूर्ण जोमाने कामाला लागण्यासाठी आणि ती ओळख वर्षानुवर्षे लक्षात ठेवण्यासाठी तिला टी पेशींची संमती लागते. टी पेशी मात्र फक्त प्रथिनांचे तुकडे वाचू शकतात, साखर त्यांना वाचता येत नाही. मोठ्या माणसाच्या काही बी पेशी संमतीशिवायही थोडेफार काम उरकतात. बाळाच्या त्या पेशी अजून तयार झालेल्या नसतात.

मग उपाय काय? साखर प्रथिनाला रासायनिक बंधाने घट्ट बांधायची. कडू औषध आपण गुळात घालून देतो. इथे उलटे, गोड पदार्थ प्रथिनात गुंफून द्यायचा. बी पेशी आपल्या ओळखीची साखर पाहून पूर्ण जोडगोळी गिळते, आत गेल्यावर प्रथिनाचे तुकडे करते आणि ते पृष्ठभागावर मांडते. टी पेशी ते तुकडे वाचते आणि संमती देते. संमती प्रथिनाच्या नावावर मिळाली, प्रतिपिंडे मात्र साखरेविरुद्ध होतात. कागदपत्रे एकाची आणि काम दुसऱ्याचे, असा हा प्रकार. बांधायला धनुर्वाताच्या किंवा घटसर्पाच्या विषाचे निर्विष केलेले रूप वापरतात.

मूळ कल्पना एव्हरी आणि वॉल्टर गोबेल यांनी सशांवर १९३० च्या सुमारासच सिद्ध केली होती. ती बाळांपर्यंत पोचायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला. अमेरिकेत अशी पहिली हिब लस १९८७ मध्ये मान्य झाली आणि १९९० पासून तान्ह्या बाळांना मिळू लागली. त्याआधी तिथे पाच वर्षांखालची सुमारे २० हजार मुले दरवर्षी हिबच्या गंभीर आजाराने ग्रस्त होत. काही वर्षांत हे प्रमाण ९९ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे हिबची हीच जोडलस सरकारी कार्यक्रमातल्या पेंटाव्हॅलंट लशीत असते आणि सहा, दहा व चौदा आठवड्यांना दिली जाते. न्यूमोकॉकसची जोडलस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयात विनामूल्य मिळते. ‘दोन वर्षांचे होऊ दे’ या सल्ल्याचे उत्तर यातच आले. ज्या काळात बाळाला धोका सर्वांत जास्त असतो, तोच काळ वाट पाहण्यात निघून जातो.

वेषांतर

काही जंतू आवरणाच्या जोडीला सोंगही घेतात. मेनिंगोकॉकस बी या मेंदूज्वराच्या जंतूचा अंगरखा सायलिक आम्लाच्या साखळीचा असतो आणि ही साखळी आपल्या चेतापेशींवर असते तशीच असते. शरीर आपल्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे करणे टाळते, त्यामुळे या साखरेची लस उपयोगी नाही. शिवाय तसा प्रयत्न धोक्याचाही वाटतो. शास्त्रज्ञांनी शेवटी साखर सोडून या जंतूच्या पृष्ठभागावरची प्रथिने निवडली आणि तशी लस २०१३ मध्ये युरोपात मान्य झाली.

टायफॉइडच्या जंतूच्या अंगरख्याला ‘व्हीआय’ म्हणतात. आतड्याच्या पोकळीत असताना हा जंतू अंगरखा घालत नाही, शरीराच्या पेशींमध्ये शिरताना घालतो. त्यामुळे शरीराची धोक्याची घंटा उशिरा वाजते. टायफॉइडचा ताप एकदम न भडकता हळूहळू चढतो, याच्याशी त्याचा संबंध आहे. या जंतूचे विषही साखर बघूनच पेशीला चिकटते. सायलिक आम्लाचे एक खास रूप त्याला लागते. माणसाच्या शरीरात तेच रूप असते. चिंपांझीसह इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत त्याचे दुसरे रूपही भरपूर असते आणि त्याला हे विष चिकटत नाही. टायफॉइड माणसालाच का होतो, याच्या कारणांपैकी हे एक.

व्हीआयची शुद्ध साखरेची लस जुनी. तीच दोन वर्षांखाली न चालणारी. तिची जोडलस बनवण्यात आपल्या हैदराबादचा वाटा मोठा आहे. शहराच्या उत्तरेला जिनोम व्हॅलीत असलेल्या भारत बायोटेकने व्हीआय साखर धनुर्वाताच्या निर्विष प्रथिनाला बांधून केलेली लस जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली अशा प्रकारची पहिली. सहा महिन्यांच्या बाळापासून ती देता येते आणि नेपाळमधल्या चाचणीत तिने सुमारे ८० टक्के संरक्षण दिले. इथल्याच बायॉलॉजिकल ई या कंपनीने आणखी मजेदार वाट धरली. टायफॉइडचा जंतू वाढवायचा म्हणजे जोखीम. पण सिट्रोबॅक्टर नावाचा, टायफॉइड न करणारा जंतू अगदी तीच व्हीआय साखर विणतो. त्यांनी साखर त्याच्याकडून घेतली.

२०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ही टायफॉइडची जोडलस दिली. सरकारी यंत्रणेमार्फत असा कार्यक्रम जगात प्रथमच होत होता. त्याच सुमारास पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात, हैदराबाद नावाच्याच शहरात, बहुतेक सर्व नेहमीच्या अँटिबायोटिकना न जुमानणारा टायफॉइड पसरला होता. तिथे साथ रोखायला मुलांना जी लस दिली गेली ती आपल्या हैदराबादेत बनलेली होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आफ्रिकेसाठीची मेंदूज्वराची लस (२०१०) आणि न्यूमोकॉकसची दहा प्रकारांची स्वस्त लस याही जोडलशीच.

अंगरखे शंभराहून अधिक

न्यूमोकॉकसचे आतापर्यंत शंभराहून अधिक अंगरखे ओळखले गेले आहेत आणि एका अंगरख्याविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्यावर सहसा चालत नाहीत. अमेरिकेत २००० साली सात प्रकारांची जोडलस सुरू झाली. ते सात मागे हटले, पण लशीत नसलेला १९ए हा प्रकार त्यांच्या जागी पुढे आला. मग २०१० मध्ये १९ए धरून तेरा प्रकारांची लस आली, पुढे वीस प्रकारांची. सीरमच्या दहा प्रकारांतही १९ए आहे. ही पळापळ अजून थांबलेली नाही.

आता आजोबा आणि नात. नातीची लस म्हणजे प्रथिनाला बांधलेली साखर. दोन-तीन मात्रांत तिची आठवण शरीरात पक्की बसते आणि नाकात जंतू घेऊन हिंडण्याचे प्रमाणही कमी होते, त्याचा फायदा मांडीवर घेणाऱ्या आजोबांनाही होतो. आजोबांच्या २३ प्रकारांच्या लशीत नुसती साखर असल्याने प्रकार जास्त सामावतात, पण तिचा असर काही वर्षांत ओसरतो. मोठ्यांसाठी जोडलशीही मिळतात. कोणती, किती आणि कोणत्या क्रमाने हे वय, मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार पाहून डॉक्टर ठरवतात. ज्यांची प्लीहा अपघातात किंवा शस्त्रक्रियेत काढलेली आहे त्यांनी तर हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे, कारण साखरेचा अंगरखा घातलेले जंतू रक्तातून गाळून काढण्याचे काम मुख्यतः प्लीहाच करते आणि ती नसलेल्या माणसात हे संसर्ग काही तासांत जिवावर बेततात. पूर्वी घेतलेल्या लशीची चिठ्ठी किंवा वेष्टनावरचे नाव जपून ठेवा. दोन वेगळ्या लशींमध्ये किती अंतर ठेवायचे, हे आधी कोणती घेतली यावरून ठरते.